दाब, धर, सोड

खोली भाड्यानं मिळेल का, असं विचारायला मी त्या घरी गेलो तेव्हा मालकांनी मला नाव, गाव, जात, नोकरी यातलं काहीही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "जमिनीवर पाठ टेकून झोपता येते का तुले?"

मला वाटलं, खोलीत पलंग नसावा. मी म्हटलं, "येतं की. घरी जमिनीवरच झोपतो."

"मंग चाल," ते म्हणाले आणि मला अंगणात घेऊन गेले. तिथं विटांच्या चार थप्प्यांवर एक काळी मोटार उभी होती. तिच्याखाली चटई अंथरलेली, चटईवर उशी, उशीला धुतलेला अभ्रा. मालकांनी माझ्या हातात बॅटरी दिली आणि आत सरक म्हणून खूण केली. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअर-क्लार्क म्हणून नुकताच लागलो होतो आणि अंगात माझा एकुलता एक पांढरा शर्ट होता. तरी सरकलो. वर पाहिलं तर गाडीच्या पोटाला लागून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पोलादी नळ्या गेल्या होत्या. दोन नळ्या शेजारीशेजारी, मध्ये बोटभर अंतर, एक वळली की दुसरीही तिथंच तेवढीच वळलेली.

"काय दिसते?" बाहेरून आवाज आला.

"नळ्या."

"कशा आहेत?"

नोकरीत नवा असलो तरी अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं, एवढं मला कळायला लागलं होतं. "फार सुंदर," मी म्हणालो. खोली मिळाली.

सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, मीही म्हणायला लागलो. धरमपेठेत त्यांचं लहानसं बैठं घर होतं, मुलं नव्हती, घरात ते आणि काकू. मागची एक खोली माझी. सरकारच्या कुठल्याशा खात्यात नकाशे काढण्यात काकाजींची सगळी नोकरी गेली होती. पूल, पाण्याच्या टाक्या, विश्रामगृहं, सगळ्यांचे नकाशे त्यांनी काढले होते आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी कधी बांधल्याच गेल्या नव्हत्या. याचं त्यांना वाईट वाटत असेल अशी माझी समजूत होती. एकदा विचारलं तर म्हणाले, "वाईट काहून वाटीन? बांधलं की बिघडते. कागदावरच्या पुलाले पाहा, एक भेग सापडून दाखव."

गाडी त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली. मिशनच्या दवाखान्यातल्या एक गोऱ्या डॉक्टरीणबाई आपल्या देशात परत निघाल्या होत्या, त्यांची ही गाडी. इंजिन ठणठणीत होतं. फक्त ब्रेकच्या नळ्या गंजल्या होत्या. पायानं ब्रेक दाबला की ज्या नळ्यांमधून तेल चारही चाकांपर्यंत दाबलं जातं, त्या नळ्या. सदरमधल्या एका मिस्त्रीनं गाडी पाहून सांगितलं, "बना-बनाया पाइप मिलता काकाजी, शाम को ले जाव." त्यानं एक नळी बसवूनही दाखवली. काकाजी गाडीखाली वाकले, त्या नळीकडे पाहिलं, आणि गाडी तशीच दोर बांधून घरी आणली. नळी वाकडी होती, असं ते सांगत. म्हणजे तेल गेलं असतं, ब्रेकही लागला असता, पण वाकडी होती. संध्याकाळपर्यंत होणारं ते काम काकाजींनी स्वतःच्या हाती घेतलं, आणि मी राहायला गेलो तेव्हा त्या कामाचं सातवं वर्ष चालू होतं.

नळी वाकवायची म्हणजे नुसती वाकवून चालत नाही, ती मध्येच चेपते. म्हणून काकाजी कन्हान नदीची रेती आणून ती तव्यावर भाजून कोरडी करत, नरसाळ्यानं नळीत भरत, दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या ठोकत आणि मग कशावर तरी दाबून वळवत. हे 'कशावर तरी' म्हणजे काकूंचा संसार होता. लहान वळणाला लाटणं, त्याहून मोठ्याला वरवंटा, मग पितळी गडवा म्हणजे तांब्या, मग पाण्याचा गुंड. काकूंनी पोळीसाठी वेगळा तवा घेतला तरी रेती कुठून यायची देव जाणे. त्या घरात मी दोन वर्षं जेवलो आणि माझे दात त्या पोळ्यांना सरावले. एखाद्या सकाळी काकू पोळपाट मांडून बसलेल्या असत आणि लाटणं अंगणात कामावर गेलेलं असे. मग त्या गडव्यानं पोळ्या लाटत. गडवाही गेलेला असला तर भात.

प्रत्येक नळीचा आधी नकाशा व्हायचा. नकाशाच्या खाली उजव्या कोपऱ्यात तीन चौकोन: काढणार, तपासणार, मंजूर करणार. तिन्ही चौकोनांत काकाजीच सह्या करत, पण एका दिवशी नाही. सोमवारी बनियनवर बसून नकाशा काढत. गुरुवारी दुसरा चष्मा लावून तपासत. आणि शनिवारी सकाळी अंघोळ करून, नोकरीतला कोट घालून, बैठकीतल्या हाताच्या खुर्चीवर बसून मंजुरीचा विचार करत. बहुतेक वेळा मंजुरी मिळत नसे. एका शनिवारी संध्याकाळी मी घरी आलो तर ते ओट्यावर खिन्न बसले होते.

"काय झालं काकाजी?"

"वरून नामंजूर होऊन आलं गा."

"वरून म्हणजे कोणाकडून?"

"मीच. पण त्या खुर्चीवर बसलं की ओळख ठेवता येत नाही."

हे ते थट्टेनं म्हणत नव्हते. 'पुन्हा सादर करावे' हा शेरा त्यांनी स्वतःच्या हातानं लाल शाईत लिहिला होता आणि त्याचा त्यांना मनापासून राग आला होता. सोमवारी ते साहेबाला शिव्या घालत पुन्हा कागद मांडून बसले. सरकार असं का चालतं याचा उलगडा मला त्या घरात झाला, कारखान्यात किंवा वर्तमानपत्रात नाही.

या कामाची आणखी एक गंमत होती. नळीचं टोक दुसऱ्या भागात बसवायचं तर ते आधी तुतारीच्या तोंडासारखं फुलवावं लागतं आणि त्या फुललेल्या तोंडाला मागून आवळून धरतो तो नट. म्हणजे नट आधी नळीवर ओवायचा, मग तोंड फुलवायचं. नट विसरलात आणि तोंड फुलवलंत की मग तो कुठूनच नळीवर चढत नाही. काकाजींनी 'आधी नट, मग तोंड' असं जाड अक्षरात लिहून कामाच्या टेबलासमोर लावलं होतं. हे तत्त्व ते सगळ्या जगाला लावत. गल्लीतल्या एकानं नोकरी लागायच्या आधी साखरपुडा केला, तेव्हा काकाजी म्हणाले, "नट ओवलाच नाही ना त्यानं." एखाद्या मंत्र्यानं घोषणा केली की पेपर खाली ठेवत, "पाहा, बसले तोंड फुलवून."

आणि महिन्यातून एकदा तरी ते स्वतः नट विसरत. सगळी वळणं मनासारखी झालेली, दोन-तीन दिवसांचं काम, शेवटचं टोक फुलवून झालेलं, आणि नट टेबलावर. अशा वेळी ते ओरडत नसत. साबणानं कोपरापर्यंत हात धूत, काळी टोपी घालत आणि अंबाझरी तलावाकडे फिरायला निघून जात. टोपी दिसली की काकू बेसनाचा डबा काढत, कारण झुणका काकाजींना फार आवडे. मी कंपनीच्या बसमधून उतरून गल्लीत शिरलो आणि झुणक्याचा वास आला की समजायचो, आज नट राहिला. काकाजींच्या पलंगाखाली एक लांब पत्र्याची पेटी होती, त्यात अशा बिनानटाच्या नळ्या कापडात गुंडाळून ठेवलेल्या असत. टाकून का देत नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "वळणं तर चांगली आहेत ना गा."

घरी येणाऱ्या प्रत्येकाला चटईवर झोपावं लागे. दसऱ्याला लोक सोनं द्यायला यायचे ते जुने कपडे घालून यायचे. नुसतं 'छान' म्हणून सुटका नव्हती, काय छान ते सांगावं लागे. म्हणून गल्लीत काही वाक्यं तयार झाली होती आणि ती लोक एकमेकांना देत: 'अंतर कसं एकसारखं ठेवलं', 'वळण काय बसलं आहे'. जवळच्या शाळेचे एक मुख्याध्यापक अंगानं चांगले भरलेले होते. ते एकदा आत गेले आणि अडकले. जॅक आणून गाडी उचलेपर्यंत दहा मिनिटं ते आतून 'वा, वा' म्हणत राहिले. मी स्वतः त्या दोन वर्षांत कितीदा झोपलो आणि कितीदा वाहवा केली, याला हिशेब नाही. खोली हवेशीर होती, काकूंच्या हातचं जेवण होतं, आणि खोटं बोलायला कष्ट पडत नव्हते.

खरं बोलणारं माणूस त्या घरात एकच होतं, आणि ते फारसं बोलत नसे. काकू रामटेकच्या. लहानपणी गडावरच्या देवळाच्या पायऱ्या दिवसातून दोनदा चढलेल्या. पन्नाशीनंतर त्यांचे गुडघे गेले आणि गड सुटला. माहेरी गेल्या तरी खालूनच हात जोडून परत येत. पायऱ्यांखेरीज वर जायला गाडीरस्ता होता, आणि काकाजींनी गाडी घेतली त्या दिवशी तेच पहिलं वाक्य बोलले होते: "तुले पुढच्या सीटवर बसवून थेट गडावर नेतो." काकूंनी त्या दिवशी एक नारळ आणून देवघरात ठेवला. तो दरवर्षी बदलावा लागे, आतून सुकून खडखडायला लागला की.

एकदा काकूंचा भाचा टॅक्सी घेऊन आला, म्हणाला, चल आत्या, आज जाऊन येऊ. काकूंनी लुगडंही बदललं होतं. काकाजी गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, "दारात घरची गाडी असताना भाड्याच्या गाडीत बसशील, तर ही गाडी उद्या भंगारात देतो." भाचा त्यांच्याशी भांडला. काकूंनी लुगडं पुन्हा बदललं आणि त्याला चहा करून दिला. त्यांनी जायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

काकूंच्या वाट्याला गाडी आली ती एवढीच. नवी नळी बसली की तिच्यातली हवा काढावी लागते आणि त्याला दोन माणसं लागतात. एकजण सीटवर बसून ब्रेक दाबतो, दुसरा चाकापाशी झोपून एक लहानसा निपल उघडतो, तिथून तेलाबरोबर हवा निघते. निपल बंद केल्यावर पाय सोडायचा. काकू ड्रायव्हरच्या सीटवर बसत आणि खालून हुकूम येत, "दाब... धर... सोड." पुन्हा, "दाब... धर... सोड." मी एकदा, काकूंना स्वयंपाक आहे म्हणून, माझा पाय देऊ केला. दोनदा दाबल्यावर काकाजी बाहेर आले. "तुझा पाय सरकारी आहे," म्हणाले, "दाबल्यासारखं करते." मग काकूच बसल्या. संध्याकाळच्या उन्हात, स्टिअरिंगवर हात ठेवून, समोरच्या तुळशीकडे पाहत त्या दाबत, धरत आणि सोडत. एवढी वर्षं काकू त्या गाडीत बसल्या आणि गाडी वीतभर हलली नाही.

शेवटची नळी मागच्या चाकांकडे जाणारी. ती मंजूर व्हायला सहा शनिवार गेले. मागच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यापाशी आल्यावर ती सरळ खालून नेता आली असती, पण तिथं एक बोल्ट मध्ये येत होता आणि त्याला चुकवायला तीन बारीक वाकडी वळणं घ्यावी लागली असती. वाकडी वळणं काकाजींच्या साहेबाला चालणारी नव्हती. म्हणून त्यांनी नळी तिथं वर उचलली, पाण्याच्या गुंडावर वळवलेली एक मोठी कमान काढली आणि पलीकडे उतरवली. खरोखर देखणी कमान होती. मीही खोटं न बोलता वाहवा केली ती तेवढीच. काकू झाडताना खाली वाकल्या, ती पाहिली आणि म्हणाल्या, "हा उंट कशाले बसवला?"

त्या आठवड्यात रोज हवा काढणं चाललं. रोज काकू म्हणत, "मऊ लागून राहिलं." रोज काकाजी म्हणत, "नवीन आहे, बसेल." एका संध्याकाळी कोणी नसताना मी हळूच सीटवर बसून दाबून पाहिलं. पाय खालपर्यंत गेला. पुन्हा दाबलं तर अर्ध्यावर थांबला. काकाजी मागून आले, विचारलं, "कसा?" मी म्हणालो, "एकदम कडक." हे मी आज लिहितो आहे, पण त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

डिसेंबरचा रविवार ठरला. विटा काढल्या, गाडी चाकांवर आली. गाडीला झेंडूचा हार, काकूंच्या अंगावर जांभळं लुगडं, मांडीवर नवा नारळ, मागच्या सीटवर मी आणि पुरीभाजीचा डबा. सगळी गल्ली फाटकाशी. मुख्याध्यापकही आले होते. निघण्याआधी काकाजी म्हणाले, शेवटचं एकदा पाहू. काकू ड्रायव्हरच्या सीटवर सरकल्या.

"दाब."

काकूंनी दाबलं.

"धर."

"पाय खाली जाऊन राहिला," काकू म्हणाल्या.

"जाऊ शकत नाही. एक थेंब गळत नाही कुठं."

"गळत नाही. पण खाली जाते. दुसऱ्यांदा दाबलं की वर येते. आत हवा आहे."

काकाजी उठून उभे राहिले. सगळी गल्ली ऐकत होती. "माझ्या नळीत हवा?" ते म्हणाले. "अवं, हवेले तिथं जागाच ठेवली नाही मी."

"पायाले लागून राहिली मले."

"नकाशा मंजूर आहे वं."

काकूंनी दार उघडलं, एकेक पाय हातानं उचलून खाली उतरल्या, नारळ घेतला आणि जाऊन ओट्यावर बसल्या. "मी नाही येत," म्हणाल्या. नऊ वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी ती बाई उतरून बसली, आणि तिचा चेहरा रडवेला नव्हता, रागावलेलाही नव्हता. तांदूळ निवडताना खडा लागला की दिसतो तसा होता.

"ठीक आहे," काकाजी म्हणाले. "मी दाखवून आणतो. तू बस गा पुढं." हे मला होतं. त्या वेळी तरी मी बोलायला हवं होतं. पण 'एकदम कडक' म्हणणारा मीच होतो, मग आता कुठल्या तोंडानं उतरणार? पुढं जाऊन बसलो.

सपाट रस्त्यावर गाडी सुरेख चालली. काकाजी सेमिनरी हिल्सकडे वळले, टेकडी चढले आणि फुटाळा तलावाच्या बाजूच्या उतारावर म्हणाले, "आता पाहा." त्यांनी ब्रेक दाबला, पाय खाली गेला आणि गाडी थांबायच्या ऐवजी वेगात आली. मी ओरडलो, "हँडब्रेक ओढा." काकाजी शांतपणे म्हणाले, "त्याचा नकाशा मंजूर व्हायचा आहे." रस्त्याच्या कडेला गिट्टीचा एक मोठा ढीग होता. कुठल्याशा खात्यानं रस्ता दुरुस्त करायला आणून टाकलेला, आणि तीन पावसाळे तिथंच पडलेला, वर गवत उगवलेलं. काकाजींनी गाडी त्यात घातली. बंपर वाकला, झेंडूचा हार माझ्या मांडीवर आला, डबा उघडून भाजी सगळीकडे झाली. मग काकाजी त्या ढिगाकडे पाहत म्हणाले, "खात्यानं टायमावर काम केलं असतं तर आज मेलो असतो आपण."

पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं गाडी घरी आली. लोकांना बाजूला करत मी पुढं चालत होतो. फाटकापाशी काकाजी उतरले, आत गेले, साबणानं हात धुतले, टोपी घातली. काकूंनी एवढंच विचारलं, "लागलं का कुठं?" मग त्या उठून बेसनाचा डबा काढायला गेल्या.

टोपी घालून निघालेले काकाजी दारातच थांबले. "हवा आहे म्हणतेस, ती कुठं आहे मंग?"

"उंटात," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "उन्हाळ्यात कूलरची नळी मधात वर उचलली गेली की पाणी येत नाही. बुडबुडा तिथंच जाऊन बसते. खालून कितीबी सोडा, तो वरच राहते. नळी खाली दाबली की निघते."

पुढचे चार दिवस काकाजी दुपारी गाडीखाली चटईवर पडून असत, काम न करता. बॅटरी लावून त्या कमानीकडे पाहत. जेवायला बोलावलं तर येत, जेवत, पुन्हा जाऊन पडत. मला त्यांची कीव आली. त्यांचे पूल कोणी बांधले नव्हते. एवढी एक गोष्ट कागदावरून उतरून लोखंडात आली होती, मनासारखी आली होती, आणि तीच चुकीची निघाली होती. पाचव्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी करवतीचा आवाज आला. मी बाहेर आलो तर काकाजी कमान हातात घेऊन उभे होते. त्यांनी ती कापडात गुंडाळली आणि पलंगाखालच्या पेटीत ठेवली.

नवी नळी त्यांनी नकाशाशिवाय केली. लाटणं नाही, गुंड नाही. स्वतःच्या गुडघ्यावर आणि अंगठ्यानं वाकवली. काकू शेजारी स्टुलावर बसून होत्या. वळणं झाली, काकाजींनी टोक साच्यात धरलं, हातोडी उचलली. काकूंनी हात पुढं केला. तळहातावर नट होता. काकाजींनी तो घेतला, ओवला आणि मग तोंड फुलवलं. भिंतीवरच्या कागदाकडे दोघांनीही पाहिलं नाही. बोल्टाला चुकवत खालून गेलेली ती नळी इतकी वाकडीतिकडी होती की काकाजी म्हणाले, "नालीच्या पायपासारखी दिसून राहिली."

"दिसू द्या," काकू म्हणाल्या आणि सीटवर जाऊन बसल्या.

"दाब... धर... सोड." काही वेळ तेच. मग काकू म्हणाल्या, "आता लागलं पायाले." काकाजी उठून त्यांच्या दाराशी आले, "कसं?" "दगडासारखं."

शनिवारी सकाळी काकाजींनी अंघोळ केली, पण कोट घातला नाही. बसवलेल्या नळीवरून त्यांनी उलटा नकाशा काढला होता, तिची तिन्ही वाकडी वळणं मापून. पहिल्या दोन चौकोनांत सह्या करून कागद आणि टाक घेऊन ते स्वयंपाकघरात गेले आणि काकूंसमोर ठेवला. "इथं सही कर."

"मले काय समजते त्यातलं?"

"पायाले समजते ना. मंग कर."

काकूंनी हात पुसले आणि मंजुरीच्या चौकोनात जुन्या मराठी शाळेच्या वळणाच्या अक्षरात सही केली. सही चौकोनाच्या बाहेर गेली. काकाजींनी ती फुंकर घालून वाळवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. गल्लीला कळवलं नव्हतं. कामठी मागं पडलं. गाडीरस्त्यानं गडावर चढलो, काकू माझ्या खांद्याला धरून देवळात गेल्या, नारळ फोडला, बराच वेळ बसल्या. काय मागितलं ते मला माहीत नाही. मागायचं काही राहिलं असेल असं वाटत नव्हतं.

परत निघालो आणि उतार सुरू व्हायच्या तोंडाशी काकाजींनी गाडी उभी केली. इंजिन चालू होतं. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते समोर पाहत होते. मागून एका बैलगाडीवाल्यानं आरोळी दिली तरी ते हलेनात. मला त्यांची मान दिसत होती, थंडीच्या दिवसात घामानं ओली.

"काहून थांबले?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. पाहून राहिलो."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आपला उजवा पाय समोरच्या पत्र्यावर टेकवला, रस्त्याकडे नजर लावली आणि म्हणाल्या, "सोडा."

काकाजींनी पाय उचलला. गाडी सरकली.

"दाबा."

गाडी सावकाश झाली.

"धरा... धरा... आता थोडं सोडा."

सगळा घाट आम्ही असा उतरलो. दुसरा शब्द झाला नाही. दर वळणाला काकूंचा पाय पत्र्यावर दाबला जाई आणि त्याच क्षणी काकाजींचा पाय ब्रेकवर. मी मागं प्रसादाचं पान धरून बसलो होतो आणि मलाही कुठं दाबायचं, कुठं सोडायचं ते कळायला लागलं होतं. पायथ्याशी तळ्याच्या काठानं सपाट रस्ता लागला तेव्हा काकू म्हणाल्या, "आता तुमचं तुम्ही पाहा." त्यांनी चप्पल काढली, तो उजवा पाय लांब करून मोकळा सोडला आणि खिडकीतून आपलं गाव पाहायला लागल्या.